हॉलंड सपाट आहे हो!

हॉलंडमध्ये सायकलवरून साडेचारशे किलोमीटर फिरून आलेल्या माणसाला पुण्यात एकच वाक्य ऐकावं लागतं. कुठं कुठं गेलात, राहिलात कुठं, खाण्याचं काय केलंत, असलं कुणी विचारत नाही. ऐकणारा कप बशीत ठेवतो आणि आतली बातमी फोडावी तसा पुढं वाकून म्हणतो, ‘‘पण हॉलंड सपाट आहे हो!’’

हे वाक्य मला आत्तापर्यंत आमच्या साडूंनी, दातांच्या डॉक्टरांनी, सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि एका लग्नात शेजारच्या पानावर बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी ऐकवलं आहे. यांतले निम्मे लोक हॉलंडला गेलेले नाहीत. उरलेले निम्मे गेलेत ते नऊ दिवसांत सात देशवाल्या सहलीतून. त्यांच्या वाट्याला हॉलंड आलं एक दिवस. त्यात सकाळी ट्यूलिपची बाग, दुपारी कालव्यातली बोट आणि रात्री भारतीय जेवण. मधल्या वेळात बसच्या खिडकीतून त्यांना देश सपाट दिसला. बसमध्ये डुलकी लागली की सह्याद्रीसुद्धा सपाटच असतो.

या वाक्याचे दोन अर्थ होतात. पहिला असा, की तुम्ही काही फार मोठं केलेलं नाही. तो मला शंभर टक्के मान्य आहे. दुसरा असा, की तेव्हा आपल्याकडे तसलं काही होणं शक्य नाही, चहा घ्या. माझं भांडण या दुसऱ्या अर्थाशी आहे.

आधी हकीकत थोडक्यात सांगतो. (हकीकत थोडक्यात सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, पण प्रयत्न करतो.) आमची कन्या आणि जावईबापू ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलफेनमध्ये राहतात. तिथं आता भारतीय मंडळी इतकी झाली आहेत की कढीपत्त्यावाचून कुणाचं अडत नाही. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिथं गेलो. मुलीचं स्वयंपाकघर सौ.नं पहिल्या आठवड्यातच ‘नीट’ लावून दिलं. दुसऱ्या आठवड्यात मुलीनं आमच्यासाठी दोन सायकली भाड्यानं आणल्या आणि म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही आणि आई जरा देश बघून या ना!’’ यात माया किती आणि स्वयंपाकघर परत मिळवण्याची निकड किती, हे मी विचारलं नाही.

ॲमस्टरडॅमहून होर्न, एन्खाउझन, पाण्यातल्या बांधावरून लेलीस्टाड, पुढं होगे फेलुवेचं जंगल, आर्नहेम, नदीच्या काठाकाठानं उट्रेक्ट, मग किंडरडाइक, रॉटरडॅम, डेल्फ्ट, हेग, लायडन आणि परत, असा आमचा मार्ग. चौदा दिवस, साडेचारशे किलोमीटर. भागाकार केला तर दिवसाला बत्तीस किलोमीटर पडतात. माझं वय पासष्ट. सौ.चे गुडघे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता कुणी म्हणेल, हॉलंड म्हणू नका, नेदरलँड्स म्हणा. बरोबर आहे. हॉलंड हे त्या देशाच्या बारा प्रांतांपैकी दोघांचंच नाव, आणि २०२० पासून तिथल्या सरकारनंही ते आपल्या जाहिरातींतून काढून टाकलं आहे. पण ‘नेदरलँड्स सपाट आहे हो’ असं मला कुणी म्हणत नाही. भांडायचं तर समोरच्याच्याच शब्दांत भांडावं.

तर सपाटी. युरोपातल्या हॉलंडचं सर्वांत उंच टोक म्हणजे फाल्सरबर्ग, उंची ३२२ मीटर. आपलं पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे आमची मंडईतली कोथिंबीरवाली त्यांच्या शिखरावर झेंडा रोवून उभ्या असलेल्या गिर्यारोहकापेक्षा दोनशेहून अधिक मीटर वर बसते. भावही त्याच उंचीवरून सांगते. देश सपाट आहे हे मी नाकारत नाहीच. पण सपाट देशात वारा अडवायला काही नसतं, हे कुणी बोलत नाही. ज्या देशाचं चित्र कॅलेंडरवाले पवनचक्कीशिवाय छापत नाहीत, त्या देशात पवनचक्क्या काय कॅलेंडरवाल्यांच्या सोयीसाठी बांधल्या होत्या?

एन्खाउझन ते लेलीस्टाड हा पाण्यातून घातलेला बांध सुमारे सत्तावीस किलोमीटरचा आहे. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, मधे रस्ता आणि आमच्या नशिबी त्या दिवशी समोरून वारा. घाट चढताना निदान माथा दिसतो आणि पलीकडे उतार आहे हा दिलासा असतो. वाऱ्याला माथा नसतो. पेडल मारणं थांबवलं की सायकल उभी राहते आणि मागं जायचा विचार करू लागते. त्या बांधावर सौ. तीन तास एक अक्षर बोलली नाही. अडतीस वर्षांच्या संसारात जे मला जमलं नव्हतं ते त्या वाऱ्यानं केलं.

त्या लोकांना मात्र या वाऱ्याचं कौतुक आहे. समोरच्या वाऱ्यात सायकल हाकण्याची राष्ट्रीय स्पर्धा ते २०१३ पासून भरवतात. समुद्राकाठच्या एका धरणावर, बिनगिअरच्या साध्या सायकलींवर, साडेआठ किलोमीटर. वादळी वारा सुटला तरच स्पर्धा होते. हवा छान असली की रद्द!

आणि खरं सांगायचं तर हॉलंड सपाट ‘आहे’ हे अर्धसत्य आहे. ते पुष्कळसं सपाट ‘केलेलं’ आहे. बांध संपल्यावर लेलीस्टाडला ज्या जमिनीवर आम्ही पाय टेकले ती १९५७ पर्यंत पाण्याखाली होती. म्हणजे ती जमीन माझ्याहून एका वर्षानं मोठी. ज्यांनी पाणी उपसून जमीन वर काढली त्यांना आपण म्हणतो, ‘तुमचं बरं आहे, तुम्हांला सपाट जमीन मिळाली.’ विहीर खणून कंबर मोडलेल्या माणसाला ‘तुमच्याकडे काय बुवा, पाणी आहेच’ म्हणावं, त्यातला हा प्रकार. आणि सपाटीवरच सगळं अडलं असेल, तर आपला लक्ष्मी रस्ता काय गौरीशंकराच्या वाटेवर आहे?

सपाटीचा मुद्दा संपला की लोक हवेवर येतात. ‘‘थंड हवा असते हो तिकडे! घाम येत नाही.’’ घाम येत नाही हे खरं, कारण तो कुठला आणि पाऊस कुठला हे कळायला मार्ग नसतो. आपला पाऊस जूनमध्ये येतो, ऑक्टोबरात निरोप घेतो, मधल्या काळात आपण त्याच्यावर कविता करतो. त्यांचा पाऊस बाराही महिने घरजावयासारखा असतो. त्याच्यावर कविता करायला तो कधी गेलेलाच नसतो.

तिथं ‘सायकलवरचे मित्र’ अशा अर्थाच्या नावाची एक संस्था आहे. सायकलनं किंवा पायी फिरणाऱ्यांना तिचे सभासद माफक पैशांत आपल्या घरी एक रात्र ठेवून घेतात. आर्नहेमच्या अलीकडे अशाच एका आजीबाईंकडे आम्ही उतरलो होतो. सकाळी पाऊस कोसळत होता. आजीबाईंनी पावावर लोणी लावलं आणि त्यावर आमच्याकडे केकवर पेरतात तशी चॉकलेटची बारीक शेव पेरून तो आमच्यापुढं ठेवला. (हा त्या देशातल्या प्रौढ, कर भरणाऱ्या नागरिकांचा नेहमीचा नाश्ता आहे.) ‘‘पाऊस थांबेपर्यंत बसू का?’’ असं सौ.नं विचारल्यावर आजीबाई म्हणाल्या, ‘‘आपण काही साखरेचे नाही!’’ ही त्यांच्या भाषेतली म्हणच आहे. सौ. मधुमेही असल्यामुळे तिला ती दुप्पट लागली. रस्त्यावर आलो तर शाळेची पोरं भिजत, गप्पा मारत, एका हातानं हँडल धरून निघालेली. आपल्याकडे वर्षाचे आठ महिने आकाश कोरडं ठणठणीत असतं. तरी हवा म्हणे त्यांची चांगली!

तिसरा मुद्दा सगळ्यांत लाडका. ‘‘अहो, त्यांच्या रक्तातच आहे ते!’’ हा मुद्दा मांडताना माणूस आवाज खाली आणतो, कारण रक्ताच्या पुढं बोलायला काही उरत नाही.

या रक्ताची तपासणी करू. १८८३ साली तिथं सायकलस्वारांनी एक संघ काढला. वाटांवर जमिनीलगत कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचे दिशादर्शक दगड बसवले, ते आजही रस्ता दाखवतात. हा संघ पुढं काय झाला असेल? मोटारवाल्यांचा! आज त्या देशात गाडी बंद पडली की लोक ज्या संघाला फोन करतात, तो सायकलवाल्यांनी काढलेला संघ आहे. म्हणजे ज्यांच्या रक्तात सायकल होती, त्यांच्याही रक्तात महायुद्धानंतर हातात पैसा खुळखुळल्याबरोबर मोटार शिरली. मग त्यांनी नेमकं तेच केलं जे आपण आज करत आहोत. रस्ते रुंद केले, चौक गाड्यांनी भरले आणि सायकलवाल्याला गटाराच्या कडेला लावलं. उट्रेक्टमध्ये तर बाराव्या शतकापासून जुन्या शहराला वेढून असलेल्या कालव्याचा एक भाग १९७० नंतर कोरडा करून त्यात मोटाररस्ता घातला. तेव्हा त्यालाही विकासच म्हणत असतील.

याची किंमत काय पडली? एकट्या १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. रक्तापेक्षा माझा भागाकारावर विश्वास जास्त. हॉलंडची तेव्हाची लोकसंख्या एक कोटी तीस लाखांच्या आसपास. म्हणजे दर दहा लाखांमागे वर्षाला अडीचशे बळी. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली, असा सरकारी आकडा आहे. दर दहा लाखांमागे सुमारे एकशेवीस. ज्यांच्या रक्तातच शिस्त आहे म्हणून आपण उसासे टाकतो, ते लोक या हिशेबात आपल्या आजच्या दुपटीनं वाईट होते.

१९७२ साली फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकारानं एक लेख लिहिला. त्याची शाळकरी मुलगी गाडीखाली सापडून गेली होती. त्या लेखाच्या नावानंच पुढं चळवळ उभी राहिली, ‘मुलांचे खून थांबवा’. या नावात ‘अपघात’ हा शब्द नाही, हे लक्षात घ्या. आया लेकरांना घेऊन रस्ते अडवून बसल्या. ॲमस्टरडॅमच्या द पाइप नावाच्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या शाळकरी पोरांनी आम्हांला खेळायला रस्ता द्या म्हणून मोठ्या माणसांशी भांडण मांडलं. त्यातच १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा आला आणि ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवायची वेळ आली. लोक सायकली घेऊन महामार्गांवर फिरायला गेले. आपला रस्ता केवढा रुंद आहे हे त्यांना प्रथमच दिसलं असावं. १९७५ साली सायकलस्वारांचा नवा संघ निघाला. नकाशे, निवेदनं, मोर्चे, वर्षानुवर्षं. तेव्हा कुठं आज सहलीच्या बसमधून आपल्याला जे ‘रक्त’ दिसतं ते तयार झालं. उट्रेक्टमधला तो मोटाररस्ता त्यांनी उखडून टाकला आणि २०२० साली कालवा पुन्हा पाण्यानं भरला. आम्ही त्याच्या काठावर बसून मुलीनं दिलेल्या मेतकुटाबरोबर पाव खाल्ला, वर ‘कार्नेमेल्क’ नावानं खोक्यातून मिळणारं चक्क ताक प्यालो. समोरून बदकं जात होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांच्या हिशेबी तिथं गाड्या जायला हव्या होत्या.

हॉलंडचा तो आकडा आता दर दहा लाखांमागे चाळिसाच्या खाली आला आहे. २०२३ साली ६८४ माणसं गेली. शून्य नाही. त्यांत सायकलवालेही आहेत, माझ्या वयाचे पुष्कळ. तिथं स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. भांडलेल्या लोकांचा देश आहे, एवढंच म्हणतो.

आणि रक्ताचंच म्हणाल, तर एके काळी सायकलींचं शहर म्हणून कोण मिरवत होतं? माझ्या शाळेच्या दिवसांत दिवा नसलेली सायकल पोलीस पकडायचा, डबलसीट दिसली की शिट्टी वाजायची, आणि ऑफिस सुटलं की लक्ष्मी रस्त्यावर घंट्यांचा असा गजर व्हायचा की मंदिरातल्या देवानं कान टवकारावेत. पर्वती तेव्हाही इथंच होती. चैत्रातलं ऊनही हेच होतं. रक्तगट तर खात्रीनं तेच होते. मग मधल्या काळात बदललं काय? रस्ता बदलला. सायकलवाल्याचा हक्क कुणी ठराव करून काढून घेतला नाही. तो नुसता हळूहळू कडेला सरकत सरकत दिसेनासा झाला. आता आमच्या भागात सायकलचा म्हणून आखलेला एक पट्टा आहे. त्यावर सकाळी स्कूटर, दुपारी वाळूचा ढीग आणि संध्याकाळी पाणीपुरीची गाडी उभी असते. तो पट्टा सायकलवाल्यांसाठी का आहे, हे फक्त पट्टा रंगवणाऱ्याला माहीत होतं.

‘‘त्यांच्याकडे पैसा आहे हो,’’ हा शेवटचा बाण. उड्डाणपूल बांधताना आपण श्रीमंत असतो, तीन हात रुंदीची सायकलची वाट म्हटली की गरीब होतो. ही गरिबी मला बँकेत असताना फार परिचयाची होती. कर्ज फेडायच्या तारखेलाच यायची.

आता त्या पहिल्या, मला मान्य असलेल्या अर्थाकडे वळतो. सोसायटीनं माझा ‘साहसी ज्येष्ठ नागरिक’ म्हणून सत्कार करायचा घाट घातला होता. शाल आणि श्रीफळ. मी साफ नकार दिला, आणि तो नम्रपणा नव्हता. चौदा दिवसांतलं माझं साहस काय, ते ऐका. तिथं रस्ता विचारावा लागत नाही. वाटा जिथं मिळतात तिथं प्रत्येक ठिकाणाला नंबर दिलेला असतो. ही युक्ती शेजारच्या बेल्जियममधल्या एका खाण-इंजिनिअरची. सकाळी चिठ्ठीवर नंबर लिहून घ्यायचे आणि एकामागून एक गाठत जायचे. नळस्टॉपच्या अलीकडे वडाच्या पाराशी डावीकडे (तो वड आता नाही), असे पत्ते शोधण्यात हयात गेलेल्या माणसाला हे जवळजवळ आळशीपणाचं वाटतं. रॉटरडॅमला नदीखालून सायकलींसाठी वेगळा बोगदा आहे, १९४२ सालचा. लाकडी सरकत्या जिन्यावर सायकल हातात धरून उभं राहायचं, जिना आपल्याला खाली नेतो. होगे फेलुवेच्या राखीव जंगलात पांढऱ्या सायकली फुकट फिरवायला ठेवल्या आहेत, बिनकुलपाच्या. ‘‘रात्री मोजतात का हो?’’ एवढाच सौ.चा प्रश्न. मी हेल्मेट घालून निघालो होतो, तर ऐंशीच्या घरातल्या एक बाई पावाची पिशवी हँडलला लटकावून, उघड्या डोक्यानं, मला मागं टाकून गेल्या. सबंध चौदा दिवसांत माझ्यावर धावून आला तो एक हंस. यात साहस कुठं आहे? साहस नाही, हेच त्या प्रवासातलं पाहण्यासारखं. तिथला पंतप्रधानसुद्धा, २०१० ते २०२४ पर्यंत त्या पदावर असलेले मार्क रुट्टे, सायकलवरून कचेरीत जाताना दिसायचा, आणि त्याचा कुणी सत्कार केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

साहस पाहायचं असेल तर पहाटे पाचला आमच्या फाटकाशी उभे राहा. पेपर टाकणारा पोरगा येतो, दुधाचे कॅन लावलेला गृहस्थ येतो, धायरीहून रात्रपाळीचा वॉचमन घरी जायला निघतो. तिघांच्या सायकलींना मिळून एक ब्रेक. यांच्या मागून सिमेंटचं मिक्सर येतं, बाजूनं पीएमटीची बस येते, समोरून उलट्या बाजूनं मोटारसायकल येते. हे लोक रोज जातात आणि, देवाच्या कृपेनं, बहुतेक दिवशी परत येतात. त्यांना कुणी ‘हॉलंड सपाट आहे’ म्हणून सांगत नाही. त्यांना आपण हॉर्न देतो.

गेल्या डिसेंबरात कन्या कुटुंबासह आली होती. नात आता दहा वर्षांची आहे आणि तिकडे शाळेत सायकलनं जाते, एकटी. तिला वही हवी होती. वह्यांचं दुकान आमच्या फाटकापासून तीनशे पावलांवर, मधे एकच चौक. ‘‘आजोबा, मी सायकलवरून जाऊन आणू?’’ तिनं विचारलं. घरात साडू होते, सेक्रेटरी होते, शेजारचे दोघेजण होते. सगळ्यांनी तिला प्रेमानं समजावलं. रहदारी किती असते, ऊन किती असतं, इथले लोक कसे असतात, वगैरे. पोरगी शहाणी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग इथली मुलं सायकल कुठं चालवतात?’’

सेक्रेटरी म्हणाले, ‘‘टेरेसवर.’’

तो विषय आता सोसायटीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. पार्किंगच्या विषयानंतर. पार्किंगचा विषय गेली सहा वर्षं चालू आहे.